पेशीला कळते कसे?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळी पेणकरपाड्यातील एक कुटुंब कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली, तरी आकड्यांचा कागद दिसला की आमच्याकडची मंडळी तो माझ्याकडे घेऊन येतात. समाजाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचा हिशेब मी पाहत असल्याने रुग्णालयाचे कागदही आता त्यात आले आहेत. हे कुटुंब मूळचे सांगलीकडचे. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा गाळा आहे. घरातील एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग, त्यातही बी पेशींचा ल्युकेमिया. पहिल्या उपचारानंतर मुलगा दोन वर्षे बरा होता, कॉलेजात जात होता. आता आजार उलटला होता. डॉक्टरांनी या खेपेस ‘कार-टी’ नावाचा उपचार सुचवला होता, आणि अंदाजपत्रकाच्या तळाशी जो आकडा होता तो पाहून मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घातला.

मुलाचे वडील खर्चाविषयी बोलत होते. आई गप्प होती. आजोबांना सारा पाडा ‘अण्णा’ म्हणतो. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, डॉक्टर सांगतात की पोराच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना शिकवायचं आणि परत आत सोडायच्या. पैशाचं आपण बघू. पण मला एक सांगा, पेशीला शिकवतात म्हणजे काय? तिला ना डोळे ना कान. तिला कळतं कसं?”

मला उत्तर देता आले नाही. “अण्णा, वाचून सांगतो,” एवढेच म्हणालो. वाणिज्य शाखेच्या माणसाने शरीरशास्त्रात हात घालणे हे तसे धाडसच. पण माझी भाची एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिने दोन पुस्तके हाती दिली आणि पुढचे काही आठवडे माझ्या प्रश्नांना कंटाळली नाही. अण्णांच्या प्रश्नाचे जे उत्तर मला मिळाले ते मला स्वतःला इतके अनपेक्षित होते की सुज्ञ वाचकांपुढे ते मांडल्यावाचून राहवत नाही. पेशीला कळते ते फार मोठ्या अंशी मेदाच्या द्वारे. ज्याला आपण चरबी म्हणून नाक मुरडतो, रक्ततपासणीच्या अहवालात ज्याच्यापुढे लाल खूण दिसली की घाबरतो, त्याच कुळातील काही अत्यल्प रेणू आपल्या रोगप्रतिकारक पेशींचे निरोपे आहेत.

प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. ते मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते आणि त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. पुष्कळ वर्षे या पटलाकडे नुसती भिंत म्हणून पाहिले जाई. आतला माल आत, बाहेरचा बाहेर. १९५३ साली मेबेल आणि लोवेल होकिन या शास्त्रज्ञ दांपत्याच्या ध्यानात आले की ग्रंथीला स्राव करण्याची सूचना मिळताच तिच्या पटलातील काही ठरावीक मेदरेणूंची उलाढाल एकाएकी वाढते. भिंतीतील विटा कोणी काढतो आहे आणि पुन्हा बसवतो आहे, असा तो प्रकार. त्याचा अर्थ लागायला पुढे तीस वर्षे गेली. १९७५ साली इंग्लंडच्या रॉबर्ट मिचेल यांनी या उलाढालीचा पेशीतील कॅल्शियमशी संबंध असावा असे मांडले. १९८३ साली मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. आणि जपानमधील कोबे येथे यासुतोमी निशिझुका यांनी त्याच निरोपाचा दुसरा अर्धा भाग शोधून काढला. विटा म्हणून समजलेल्या रेणूंपैकी काही रेणू खरे तर चिठ्ठ्या होत्या.

हा रेणू म्हणजे पीआयपी-२. पटलातील मेदरेणूंत त्याचे प्रमाण शंभरात जेमतेम एक. तो पटलाच्या आतल्या बाजूला, डोके पेशीच्या अंतर्भागाकडे करून बसलेला असतो. सूचना मिळाली की एक विकर येऊन त्याचे दोन तुकडे करते. डोक्याकडचा तुकडा पाण्यात विरघळणारा असल्याने सुटून पेशीच्या आत निघून जातो. त्याचे नाव आयपी-३. शेपटीकडचा तुकडा स्निग्ध असल्याने पटलातच राहतो. त्याचे नाव डायअसिलग्लिसरॉल, थोडक्यात डॅग. माझ्या पेशाच्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटले. चेकबुकातून चेक फाडला की चेक पुढे वटायला जातो आणि काउंटरफॉइल आपल्याजवळच राहते. फरक इतकाच की आपले काउंटरफॉइल कपाटात पडून असते, आणि पेशीत ते स्वतःही कामाला लागते.

आता हे टी पेशीत कसे चालते ते पाहू.

आपल्या रक्तात गस्त घालणाऱ्या टी पेशी जन्मतात अस्थिमज्जेत, पण घडतात छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. टी हे अक्षर तिच्यावरूनच आले. १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवून देईपर्यंत या ग्रंथीला काही काम आहे असेच वैद्यकशास्त्र मानत नव्हते. (हे ज्ञान उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. आपल्या वाचकांना ते खटकेल, मलाही खटकते. पण त्यावर उभ्या असलेल्या औषधाचा लाभ घेताना ते झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.) थायमसमध्ये प्रत्येक कोवळ्या पेशीची परीक्षा होते. तिच्या अंगावर एक ग्राही असतो, म्हणजे ओळख पटवणारा हात. प्रत्येकीचा हात वेगळा. ज्या पेशीचा हात शरीरातील कशालाच लागत नाही ती निरुपयोगी म्हणून मरते. ज्या पेशीचा हात स्वतःच्याच शरीराला घट्ट पकडतो ती धोकादायक म्हणून मरते. जी हलकेच स्पर्श करते तीच उत्तीर्ण. आत गेलेल्यांतील बहुसंख्य पेशी बाहेर येतच नाहीत.

हलका स्पर्श आणि घट्ट पकड यांतला फरक पेशीला समजतो कशावरून? पुन्हा त्या काउंटरफॉइलवरून. स्पर्श हलका असेल तर पटलात डॅग थोडा थोडा साचतो. त्याला येऊन चिकटणारी प्रथिने पेशीला जगण्याचा निरोप देतात. पकड घट्ट असेल तर डॅगचा आणि कॅल्शियमचा लोट येतो, आणि तीच साखळी पेशीला मरणाकडे नेते. यंत्रणा एकच, पण निकाल रकमेवर आणि मुदतीवर ठरतो. पतपुरवठा खात्यात पंचवीस वर्षे काढलेल्या मला यात काही चमत्कारिक वाटले नाही.

उत्तीर्ण झालेली पेशी थायमसच्या बाहेर कशी पडते, ही हकिकतही मेदाचीच आहे, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटली. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये थुडिकम नावाचे जर्मन वैद्य मेंदूतील रासायनिक द्रव्यांचा अभ्यास करीत होते. त्यांना एक स्निग्ध द्रव्य सापडले, ज्याचा उलगडा काही केल्या होईना. कोडे घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सवरून १८८४ साली त्यांनी त्याचे नाव ठेवले स्फिंगोसीन. त्या कोड्याचा एक मोठा तुकडा सुटला तो एकविसाव्या शतकात. स्फिंगोसीनपासून बनणारे एक द्रव्य, एस-वन-पी, रक्तात भरपूर असते आणि ग्रंथींच्या आत फार थोडे. परिपक्व झालेली टी पेशी त्याचा वास घेणारा ग्राही अंगावर उगवते आणि जिकडे ते द्रव्य जास्त तिकडे, म्हणजे रक्ताकडे, निघते. नाक्यावरच्या भज्यांच्या वासाने माणूस गल्लीतून हमरस्त्याला लागावा तसे. २००४ साली अमेरिकेत जेसन सिस्टर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हा ग्राही नसेल तर तयार झालेल्या पेशी थायमसमध्येच अडकून पडतात.

याचा औषध म्हणून उपयोगही झाला. कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीतील द्रव्यावरून जपानी संशोधकांनी फिंगोलिमोड नावाचे औषध घडवले. ते टी पेशींची ही वास घेण्याची क्षमता बोथट करते. पेशी मरत नाहीत, फक्त लसीका ग्रंथींतून बाहेर पडत नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात टी पेशी स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. त्यासाठी तोंडाने घेण्याचे पहिले औषध म्हणून २०१० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पहारेकऱ्यांना मारायचे नाही, चौकीला बाहेरून कडी घालायची, असा हा उपाय.

अण्णांना मी एवढे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तूप खाल्लं तर पोराच्या पेशी चांगल्या होतील का?” प्रश्न भाबडा नव्हे, आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो येईल. उत्तर नाही असेच आहे. पीआयपी-२ किंवा डॅग हे पेशी स्वतः, स्वतःच्या पटलात, गरजेपुरते बनवते आणि लगेच मोडते. आपण ताटात काय वाढून घेतले यावर त्या चिठ्ठ्यांचा मजकूर ठरत नाही. आणि आपल्या दुकानांतून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून जे डबे आणि पुड्या खपतात त्यांच्याविषयीही आता माझे मत बदलले आहे. वाढवणे हा शब्दच मुळात चुकीचा वाटतो. प्रतिकारशक्ती ही काही चालू खात्यातील शिल्लक नव्हे की जितकी अधिक तितकी बरी. हे पटायला एक आजार पुरेसा आहे.

टी पेशीला खऱ्या शत्रूशी लढायला सज्ज व्हायचे असेल तर एक निरोप पुरत नाही, दोन लागतात. संयुक्त खात्यात जशा दोन सह्या. पहिली सही ओळखीची: ग्राहीला शत्रूचा तुकडा सापडला. दुसरी सही दुजोऱ्याची: तो तुकडा आणून दाखवणारी पेशी खरोखर धोक्याची खूण दाखवीत आहे. पहिल्या सहीने पीआयपी-२ चे दोन तुकडे होतात. दुसऱ्या सहीने त्याच पीआयपी-२ वर आणखी एक फॉस्फेट चढवून पीआयपी-३ बनवण्याचे काम जोर धरते, आणि पीआयपी-३ हा वाढीचा, ऊर्जेचा, टिकून राहण्याचा निरोप असतो. हे फॉस्फेट चढवणारे विकर म्हणजे पीआय-३-किनेज. २०१३ साली असे लक्षात आले की वारंवार फुप्फुसांचे संसर्ग होणाऱ्या काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच नको तितके तडफदार असते. म्हणजे ज्यांच्या पेशींत वाढीचा निरोप सतत चालू, त्यांचीच प्रतिकारशक्ती दुबळी! पेशी अकाली थकतात, गाठी सुजतात, संसर्ग मात्र हटत नाहीत. २०२३ साली या आजारावर अमेरिकेत मान्य झालेले लेनिओलिसिब हे औषध त्या विकराला आवर घालण्याचे काम करते.

म्हणूनच पेशीत चिठ्ठी लिहिणाऱ्याइतकाच चिठ्ठी रद्द करणाराही महत्त्वाचा. पीआयपी-३ वरील फॉस्फेट उतरवून घेणारे पीटेन नावाचे विकर असते; कर्करोगाच्या अनेक प्रकारांत ते हरवलेले आढळते. डॅगला निकालात काढणारी डॅग-किनेज नावाची विकरे असतात. पहिली सही झाली आणि दुसरी झालीच नाही, तर पेशी नुसती गप्प बसत नाही. तिच्यात ही रद्द करणारी विकरे वाढतात आणि पुढे खरा शत्रू समोर आला तरी ती हलत नाही. बँकेत दीर्घकाळ व्यवहार नसलेल्या खात्याला आम्ही निष्क्रिय खाते म्हणत असू. शास्त्राच्या पुस्तकात या पेशीसाठी वापरलेला शब्द भाचीने मला मराठीत करून दिला तो नेमका तोच: निष्क्रिय.

आणि सुटून आत गेलेल्या चेकचे काय होते? आयपी-३ पेशीतील कॅल्शियमच्या कोठाराचे दार उघडते. कोठार रिते होऊ लागले की त्याची वर्दी बाहेरच्या पटलाला जाते आणि तेथली दारे उघडतात. पेशीच्या आतल्या मानाने बाहेर कॅल्शियम दहा हजारपट अधिक असते. ते आत धावते. शत्रूचा स्पर्श झाल्यापासून हे सर्व घडायला काही सेकंद पुरतात. हे कॅल्शियम कॅल्सिन्यूरिन नावाच्या प्रथिनाला जागे करते आणि ते पेशीच्या केंद्रकात युद्धाचा हुकूम पोहोचवते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे त्यांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही नावे परिचित असतील. ती औषधे नेमकी याच ठिकाणी, कॅल्सिन्यूरिनपाशी, निरोप अडवतात. चेक फाटलेला असतो, खजिन्यापर्यंत गेलेलाही असतो. फक्त वटत नाही. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात सुखाने राहते ते त्यामुळे. गोळीची वेळ चुकवू नका असे डॉक्टर बजावतात त्याचे कारण मला इतक्या वर्षांनी समजले.

आता कार-टी. कर्करोगाची पेशी मुळात आपलीच असल्याने टी पेशी बहुधा तिला शत्रू मानत नाही. आणि मानले तरी दुसरी सही मिळत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून इस्रायलचे झेलिग एशहार आणि इतर काही शास्त्रज्ञ यांनी यावर एक युक्ती घडवली. ग्राहीच कृत्रिम बनवायचा. त्याचे बाहेरचे टोक असे की ते कर्करोगाच्या बी पेशीवरील सीडी-१९ या खुणेला थेट पकडील. आणि आतल्या टोकाला पहिली सही व दुसरी सही या दोन्ही एकाच दांडीवर जोडलेल्या. हात लागला की दोन्ही निरोप एकदम निघावेत. रुग्णाच्या टी पेशी रक्तातून वेगळ्या करायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे या ग्राहीचा आराखडा त्यांत पोहोचवायचा, पेशी वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या. तो विषाणूही, गंमत अशी की, ज्या पेशीत तयार होतो तिच्याच मेदपटलाचे आवरण पांघरून येतो.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पेशीला ‘शिकवत’ काहीच नाहीत. तिला नवा हात देतात. आतला कारभार तिचा जुनाच राहतो. नवा हात कर्करोगाच्या पेशीला लागला की पटलातील तोच पीआयपी-२ तुटतो, तोच डॅग मागे राहतो, तेच कॅल्शियम आत धावते.

हे सर्व आपल्या दारापासून फार दूर घडलेले नाही. मुंबईच्या आयआयटीत जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्राही येथेच घडवला. टाटा मेमोरियलचे हसमुख जैन आणि गौरव नरूला या डॉक्टरांनी तो रुग्णांपर्यंत नेला. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात देशातील पहिला कार-टी उपचार झाला. त्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. आयआयटीतूनच उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीच्या या उपचाराला, नेक्सकार-१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. २०१७ साली अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर जाहीर झाली होती. आपल्याकडील खर्च त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात येतो.

दहावा हिस्सा हे खरे. पण भाईंदरच्या एका गाळ्यावर चालणाऱ्या घराला तो दहावा हिस्साही जवळजवळ चाळीस लाखांचा होता.

निधीच्या बैठकीत मी हे प्रकरण ठेवले तेव्हा दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्याने, आणि त्यांचा मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता, विचारले की एवढ्या रकमेत किती जणांचे वर्षभराचे डायलिसिस होईल याचा हिशेब केला आहे का. मी केला होता. तो मी वाचून दाखवला. मग दुसरा कागद वाचला. मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेले रुग्ण ६४. ज्यांच्या परिणामाचे मोजमाप करता आले त्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत आजाराने माघार घेतली. उपचाराशी संबंधित मृत्यू दोन. आजार माघार घेतो म्हणजे तो कायमचा जातो असे नव्हे. काहींमध्ये तो काही महिन्यांनी परततो. कधी पेशी थकतात, कधी कर्करोगाची पेशी सीडी-१९ ही खूणच पुसून टाकते. शिवाय हे नवे हात निरोगी बी पेशींनाही सोडत नाहीत, त्यामुळे पुढे संसर्गापासून जपावे लागते, प्रतिपिंडांची इंजेक्शने द्यावी लागू शकतात, आणि तो खर्च अंदाजपत्रकात नव्हता. कर्जाचा प्रस्ताव मांडताना जोखीम झाकू नये हे मी नोकरीत शिकलो होतो. येथेही झाकली नाही.

कोणीतरी विचारले, “तुमचं मत काय?” मी सांगितले की मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दुसरा कोणताही उपचार यापेक्षा अधिक आशा देत नाही असे त्याचे डॉक्टर लिहून देत आहेत, आणि आपण पूर्ण रक्कम दिली तर निधी दोन वर्षे उठणार नाही. तेव्हा सहा लाख द्यावेत, आणि उरलेल्यासाठी मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरेन. ठराव एका मताने मंजूर झाला. डायलिसिसचा मुद्दा मांडणाऱ्या त्या ज्येष्ठांनी विरोधात मत दिले आणि घरी जाताना स्वतःचा एक लाखाचा चेक माझ्या हाती ठेवला. काउंटरफॉइलवर त्यांनी नाव लिहिले नाही.

शासकीय योजना, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, दोन न्यास, नातेवाईक. राहिलेल्या रकमेसाठी गाळा गहाण पडला. ते कागद मीच तपासले. बँकेत असताना शेकडो गहाणखते पाहिली. हे वाचताना ओळी पुन्हा पुन्हा वाचाव्या लागल्या.

पेशी काढण्याच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. एका हाताच्या नळीतून रक्त यंत्रात जाते, हव्या त्या पेशी तेवढ्या बाजूला निघतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या नळीने परत येते. तीन-चार तास. मुलगा मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. शेवटी हाती आली ती फिकट रंगाची एक छोटी पिशवी. अण्णा ती पाहतच राहिले. मी त्यांना चेक आणि काउंटरफॉइलची गोष्ट सांगितली ती तेथेच, त्या बाकावर बसून. त्यांनी दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, “आमच्या वडिलांच्या काळी हुंडी असायची. तिच्यावर सही कुणाची हे आधी बघायचे, रक्कम नंतर.”

पेशी तयार होऊन यायला काही आठवडे लागले. त्या काळात आजार बळावू नये म्हणून केमोथेरपी चालू होती आणि मुलगा फार खंगला. पेशी शरीरात सोडण्याचे काम मात्र अर्ध्या तासाच्या आत झाले. त्याच्या आईला वाटले, एवढेच?

पाचव्या दिवशी पहाटे सव्वापाचला अण्णांचा फोन आला. मुलाला रात्रीपासून एकशे दोन ताप होता. या उपचारात ताप अपेक्षित असतो, टी पेशी कामाला लागल्या की त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी तो येतो, आणि तो हाताबाहेर गेला तर जिवावरही बेतू शकतो, हे मी त्या घराला आधीच सांगून ठेवले होते. तरी माझाच हात थरथरला.

“डॉक्टर म्हणतात पेशी कामाला लागल्या असतील,” अण्णा म्हणाले. “साहेब, म्हणजे चेक फाटला म्हणायचा?”

“फाटला असावा, अण्णा. डॉक्टरांनी औषध चालू केलं का?”

“केलंय. नर्सताई दर तासाला बघून जातात.”

ताप चौथ्या दिवशी उतरला. अठ्ठाविसाव्या दिवशीच्या अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. मुलगा सध्या तोंडाला मास्क लावून संध्याकाळी दोन तास गाळ्यावर बसतो आणि जीएसटीची विवरणपत्रे भरतो; गर्दीच्या वेळी वडील त्याला घरी पाठवतात. पुढची तपासणी येत्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. मी ती माझ्या डायरीत, गाळ्याच्या हप्त्याच्या तारखेखाली, लिहून ठेवली आहे.